पेपरमिंटचा पुरावा

बाबा, काल दुपारी जेवून खुर्चीतच डोळा लागला आणि जिन्यात तुमचं खाकरणं ऐकू आलं. नवघरची आपली जुनी बिल्डिंग, खिडकीबाहेर मिठागरांचा पांढरा उजेड, आणि तुम्ही पोट सावरत तिसरा मजला चढताय. दार उघडायला उठले तर बेव्हर्ली पार्कमधल्या माझ्या आत्ताच्या फ्लॅटमध्येच होते. खाकरत मीच होते, हुबेहूब तुमच्यासारखी.

सहा महिने सकाळी आवाज बसतोय, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, कोरडा खोकला सुटत नाही. धूळ म्हणून झालं, एसी म्हणून झालं. शेवटी गेल्या आठवड्यात घशाच्या डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी आधी वजनकाट्यावर उभं केलं. म्हटलं, "अहो, घसा धरलाय, वजनाचं काय?" ते हसले. "मॅडम, पोटाचा घेर वाढला की आतून दाब पडतो, ॲसिड वर घशापर्यंत येतं. छातीत जळजळ होतेच असं नाही. कितीतरी जणांना नुसता खोकला, नाहीतर बसलेला आवाज. आणि ते पेपरमिंट चघळताय ना, वो पहले बंद करो. त्याने आणखी वाढतं." गोळी माझ्या तोंडातच होती.

तुमच्या खिशातही त्याच गोळ्या असायच्या. घोगरा आवाज, खोकला, वर पेपरमिंट, आणखी काय पुरावा हवा? मी दहावीत होते आणि दीडशहाणी होते. तुम्ही ऑफिसातून येऊन बूट काढताय, आई दारात शेजारच्या काकूंशी बोलतेय, आणि मी दोघींच्या देखत म्हणतेय, "बाबा, तुम्ही चोरून सिगरेट ओढता." तुम्ही आधी हसलात. "अगं, शिवलोसुद्धा नाही कधी." मग एक बूट पायात तसाच ठेवून जवळ आलात आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "तुझी शपथ." मी डोकं झटकून बाजूला झाले. "खोटी शपथ घेऊन मला मारायचंय का?" तुमचा हात थोडा वेळ हवेतच राहिला. मग तुम्ही दुसरा बूट काढायला खाली बसलात.

त्यानंतर माझ्या डोक्यावर तुम्ही कधी हात ठेवला नाहीत. लग्नात पाया पडले तेव्हाही खांद्याला धरून उठवलंत. आईला मी म्हटलं होतं, चोराच्या मनात चांदणं. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, आणि तिच्या लेखी तुम्ही अजून चोरून ओढणारेच होतात.

आज सकाळी तिला डॉक्टरांचं सगळं सांगितलं. ती सुकट निवडत होती. "म्हणजे तुझं ऐकून मी उगाच टोचत राहिले गं त्यांना," म्हणाली, आणि ताट बाजूला सारून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तिला मी अर्धंच सांगितलं होतं.

उरलेलं तुम्हाला लिहितेय, कारण हा कागद कुठेच जाणार नाही. तुमच्या कपड्यांना सिगरेटचा वास कधीच आला नव्हता, बाबा. ते मला तेव्हाही माहीत होतं. शाळेच्या फाटकाशी तुम्ही धापा टाकत, खाकरत उभे राहिलात की मैत्रिणी तोंड दाबून हसायच्या आणि मला तुमची लाज वाटायची. पण नुसत्या जाड, खोकणाऱ्या बापावर रागावणार तरी कसं? म्हणून मी तुम्हाला व्यसन चिकटवलं.