फ्रान्समधले गडगे

अल-खोबर, फेब्रुवारी १९९१

...मी गावी अंगण सारवत होते आणि हे परसातला ढासळलेला गडगा रचत होते, चुन्याशिवाय, दगडावर दगड. हे जाऊन सहा वर्षं झाली, ती सकाळ कालच का आठवली?

काल क्षेपणास्त्राचा भोंगा वाजला तेव्हा मुलगा युसुफ बंदरावर कामाला होता. जीव थाऱ्यावर नव्हता, म्हणून त्याच्या फ्रेंच साहेबानं दिलेलं पुस्तक उघडलं. भूमध्य समुद्राकाठचं गाव, उतारावर ऑलिव्हची झाडं, आणि माती धरून ठेवणारे जुने गडगे! इंग्रजीत त्यांना 'कोरडी भिंत' म्हणतात. मग ओली कोण बांधतं?

तेवढ्यात युसुफ दारात. "खलास, अम्मी, धोका टळला! काय बघतेस?"

"तुझ्या अब्बांचे गडगे."

"अगं, हे फ्रान्स आहे!"

हसता हसता रडूच फुटलं.

आज सकाळी त्याला डबा भरून दिला. जाऊ नको म्हटलं नाही.