किर्स्तीबाईंचा खरवस

अल नहदा, शारजा
१७ जानेवारी २०२५

ती. साधनाताईंना,
विभावरीचा नमस्कार. इकडे सगळे मजेत. तुमचा गुडघा कसा आहे? थंडीत जपा. तुमचे भाऊ ठणठणीत आहेत. रोज ट्रॅफिकला शिव्या देत दुबई गाठतात, म्हणजे तब्येत उत्तम. मुग्धा फिनलंडच्या मुलाशी लग्न करणार हे कळल्यापासून तुम्ही आमचा फोन उचलत नाही, म्हणून निनादच्या हाती हे पत्र देते आहे. भाच्याला काही दारातून परत पाठवणार नाही तुम्ही.

आमच्याकडे पाहुणी येऊन गेली. तुओमासची, म्हणजे त्या मुलाची, आई किर्स्ती. शेतकरी बाई, घरच्या गाई. येताना बॅगभर खाऊ! राय नावाच्या त्यांच्याकडच्या धान्याच्या काळपट पिठाच्या पातळ पारीत तांदळाची बिनसाखरेची खीर भरून, कडा चिमटून केलेल्या छोट्या होड्या. वर उकडलेलं अंडं कुस्करून घातलेलं लोणी. ह्यांनी चार खाल्ल्या. मग तिने काळ्या खारट गोळ्या काढल्या. निनादने थुंकून टाकली. हे म्हणाले, "अरे, ज्येष्ठमध आणि नवसागर! ताई खोकल्याला हेच चाटवायची." आणि डबी सरळ खिशात.

दुपारी आपल्या मंडळातला दगडू आला. तो अल ऐनकडे एका डेअरी फार्मवर कामाला आहे. गाय व्याली की आम्हा दोन-चार मराठी घरांना चीक आणून देतो. किर्स्तीने बाटलीत डोकावून पाहिलं, थेंबभर चाखलं आणि मुग्धाला काहीतरी म्हणाली. मुग्धा ओरडली, "आई, दे मेक खरवस टू!"

अर्धा चीक तिला दिला. तिने मीठ आणि चिमूटभर साखर घालून ट्रे ओव्हनमध्ये सरकवला. मी तुमच्या पद्धतीने गूळ, वेलदोडा, आणि पहिल्या दिवसाचा चीक म्हणून बरोबरीने दूध घातलं. कुकर उघडते तो आत नुसतं पाणी! दगडूला फोन लावला. "वैनी, दूध मीच घातलं की अगोदर. म्हटलं तुमाला तरास नको."

विहिणीसमोर ही शोभा. तिचा खरवस वर तपकिरी डाग पडून कसा छान थरथरत होता. हे म्हणाले, "विभा, एक-शून्य." किर्स्तीने मात्र माझं ते गुळाचं पाणी कपात ओतून घेतलं, वास घेतला आणि डोळे मिटले. त्यांच्या गोड पावात वेलदोडाच असतो म्हणे. "घरचा वास आला," म्हणाली, आणि कप पुन्हा पुढे केला.

मग बोलत बसलो. तिच्या आईच्या वेळी गाय व्याली की चीक आधी शेजारी जायचा, आणि ते भांडं कुणी रिकामं परत करत नसे. मी म्हटलं, आमच्याकडेही अगदी हेच, माझ्या नणंदेने मला शिकवलं. तिने विचारलं, "त्या कुठे आहेत?"

मुग्धा मान खाली घालून कोरडी बशी पुसत राहिली. मी म्हटलं, "येतील, इन्शाल्ला." हे पंख्याकडे बघायला लागले.

ताई, खाण्याच्या गप्पांत जे लांबवत होते ते आता लिहिते. किर्स्तीने लग्नाची तारीख विचारली. आजवर मी सगळ्यांना "ताईंना विचारून सांगते" म्हणत आले. खरं सांगू? धीर मलाच होत नव्हता. पोरगी एवढ्या लांब, बर्फात जाणार. पण माझं फसलेलं त्या बाईने दुसऱ्यांदा मागून घेतलं, आणि मनात आलं, हिच्या घरी मुग्धाचं काही चुकलं तरी निभेल. मी होकार देऊन टाकला. अकरा एप्रिल, इथेच शारजात.

बारशाला तिच्या कानात नाव तुम्ही सांगितलंत. तुओमासला ते अजून म्हणता येत नाही. "मुक्ता, मुक्ता" करतो आणि ही हसत सुटते. तुम्ही नसलात तरी अक्षता पडतील, ताई. पण पोरगी सारखी दाराकडे बघत राहील.

निनादजवळ पासपोर्टची प्रत द्या, व्हिसा आम्ही काढतो. बाकी काही बोलला नाहीत तरी चालेल.

पहिल्यांदाच तुम्हाला न विचारता काही ठरवलेली, तरीही तुमचीच,
विभावरी