सुकदेवच्या घरचा विस्तव

३ एप्रिल १९६८

दवंडी झाली. डोंगरावरचं गवत कडकडीत वाळलंय, दुपारी वारा सुटतो — म्हणून ऊन चढायच्या आत स्वयंपाक उरकायचा आणि चुली पाण्यानं विझवायच्या. राखेखाली गोवरी झाकून ठेवायची नाही. घरोघर बघायला एक बाई हवी होती. पोलीसपाटील चिंधा आबांनी मला सांगितलं. मी सातवी शिकलेली, शिवाय गेल्या साली माझंच खळं जळालेलं. कडब्याची गंजी गेली. दावणीला बांधलेली गाभण गाय कपिली गेली. तिचं ओरडणं अजून कानात आहे.

ते खळं सुकदेवनं पेटवलं. यांचा थोरला चुलतभाऊ! जेठ म्हणायचं मी सोडलंय. खळ्यात धुमसता डहाळा हातात घेऊन उभा होता, सगळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून दोन घरांत विस्तव जात नाही.

आता बघते एकेकाला.

४ एप्रिल

खळ्याभोवतीचं गवत खरडून मातीचा रुंद पट्टा केला. रांजण भरले, गोणपाटं भिजवली. आग झोडपायला निरगुडीचे ओले डहाळे आणले. गुरांना सुरगाठ मारली, एका झटक्यात सुटेल अशी. हे मुकाट्यानं राबले. सुकदेवचं नाव काढलं तर उठून बाहेर गेले. भावाचा पुळका, दुसरं काय!

७ एप्रिल

सुकदेवची सून बाळंत झाली. मुलगा. सुकदेवची बायको भिकुबाई दारात आडवी आली. बाळंतिणीच्या खाटेखालची शेगडी तेवढी राहू दे म्हणाली. वयानं मोठी बाई, मला हात जोडत होती! नियम म्हणजे नियम, असं म्हणून मी शेगडीवर तांब्या ओतला. खोलीभर धूर आणि वाफ. पोर रडायला लागलं.

घरी येऊन एक भाकरी जास्त खाल्ली. काय गोड लागली!

११ एप्रिल

सापडली! भिकुबाईच्या चुलीतली राख वरून गार. मी वाळकी काडी आत खुपसली, फुंकर घातली — पेटली. खाली गोवरी लपवलेली होती. शेगडीसाठीच असणार. तशीच मडक्यात घालून आबांसमोर नेली.

पंच बसले. सुकदेव एवढंच म्हणाला, "तान्हं पोर शे, आबा."

मी म्हटलं, "माझ्या गाईच्या पोटात काय दगड होता?"

मग ठरलं — पाऊस पडेपर्यंत त्या घरानं नाल्यापलीकडे, गवताची काडी नसलेल्या मुरमाड माळावर राहायचं.

१२ एप्रिल

गेले. ओली बाळंतीण बैलगाडीत, भर उन्हात, भिकुबाई वर लुगडं धरून. गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी ओट्यावरून हलले नाही. वर्षभराची आग शांत झाली.

हे जेवले नाहीत.

१४ एप्रिल

सकाळी माळावरून निरोप आला. पोराला ऊन बाधलंय, दूध ओढत नाही.

मी भाकरी थापत होते. हे चुलीजवळ येऊन बसले.

"त्या दिन खळाजोडेना उकिरडावर राख तू टाकेल व्हती. तठूनच पेटनं. मी देखं. सुकदेवभाऊ ते विझाडाले धावना व्हता."

वर्षभर तोंड का शिवलं होतं, विचारलं.

"तू बठ्ठा गावसमोर त्यानं नाव लिधं व्हतं." खरंच, सगळ्या गावासमोर सुकदेवचं नाव मीच घेतलं होतं.

तवा तसाच ठेवला. गाडी जुंपा म्हटलं. त्यांना आणायला जायचंय. आधी आबांच्या दारावरून न्या, राख माझी होती हे सांगायचंय.