कोपऱ्यातला काळा, कोपऱ्यातला पांढरा

मी, खाली सही करणारी, अविवाहित, धंदा पुस्तकबांधणी, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. धाकट्या भावाला तरीही शंका असेल, तर त्याने मी असताना माझ्याशी एक डाव खेळून पाहायला हवा होता.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक बहिणीच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला मिळावी. भाऊ-भावजयीचा यात काही हक्क नाही. "या वयात परका पुरुष घरात आणणार?" हे भावजयीने जिन्यात उभे राहून, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा बेताने विचारले होते. मी ते विसरलेले नाही.

२. दाबयंत्र, दाभणे व सरसाची भांडी माझ्या कारागिरणीला द्यावीत. सरस पातळ करण्याची खोड तिने सोडावी.

३. तो परका पुरुष म्हणजे कवळीवाले. समोरच्या इमारतीत ते दातांच्या कवळ्या बनवत. कामे आटोपली की माझ्या टेबलावर आम्ही गो नावाचा पटावरचा खेळ खेळत असू. आडव्या-उभ्या रेघांवर काळे-पांढरे खडे ठेवायचे. खड्याला लागून असलेली मोकळी जागा हा त्याचा श्वास. सगळे श्वास बुजले की खडा पटावरून उठतो. एका डावात कोपऱ्यात त्यांचे काळे आणि माझे पांढरे असे अडकले, की आधी कोण गुदमरणार एवढाच प्रश्न उरला.

ते म्हणायचे, "कडेची ती शेवटची चाल मी आधी घेतली, की तुमचा एक श्वास फुकटात जातो. मग काळा जिंकतो."

मी म्हणायचे, "ती मी घेऊ दिली तर ना? मधले दोन श्वास दोघांचे. तिथे जो आधी हात घालेल तो मरेल. कुणीच घातला नाही तर दोघंही जगतात."

डाव संपला, वाद संपला नाही. तो कोपरा आम्ही वर्षानुवर्षे मांडत राहिलो. एका संध्याकाळी पटावरून नजर न उचलता त्यांनी विचारले, "तुमच्याकडे आणखी एका माणसापुरती जागा आहे का?"

"आहे. पुस्तकांचे गठ्ठे तेवढे हलवावे लागतील."

"मी हलवतो."

गठ्ठे मी एकटीने हलवले. त्याच आठवड्यात त्यांना मेंदूचा झटका आला आणि मुलाने त्यांना आपल्या घरी नेले.

मी दर रविवारी जाते. ते मला ओळखत नाहीत. "बसा बाई," म्हणतात. पहिल्या भेटीत काय बोलावे सुचेना, म्हणून सोबत नेलेल्या पटावर तो कोपरा मांडला. बराच वेळ पाहून त्यांनी काळा खडा उचलला, कडेची ती चाल खेळले आणि म्हणाले, "आता द्या उत्तर." आवाज अगदी पूर्वीचा. त्यांची सून हातातले काम टाकून दारात थांबली. त्यांनी वर पाहिले ते माझ्या हाताकडे, तोंडाकडे नाही. तेवढ्यावर मी आजवर जाते आहे.

४. पट व खडे त्यांच्याच खोलीत राहावेत. भाचीला खेळ येतो. तिने रविवारी जावे, पांढरे घ्यावेत आणि मुद्दाम हरू नये. लाड केलेले त्यांना कळतात. बाई कुठे आहेत, असे ते विचारणार नाहीत. विचारलेच, तर मी गेले असे सांगू नये. "चाल त्यांची आहे, विचार करताहेत," एवढेच सांगावे. ते थांबतील.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

सही: (पुस्तकबांधणीवाली)
साक्षीदार: १. खालच्या मजल्यावरील शिंपीणबाई २. घरचे डॉक्टर
ठिकाण: राहते घर, कामाची खोली
दिनांक: ११ फेब्रुवारी, रविवार, निघण्यापूर्वी