योगेश ‘क्वचित’मध्ये

३ जानेवारी, सकाळी
फोन अपडेट झाला आणि चॅटच्या ॲपने मला न विचारता माझ्या माणसांचे गट पाडले. ‘नेहमीचे’, ‘कामाचे’, ‘क्वचित’. माझा एकुलता मुलगा योगेश ‘क्वचित’मध्ये! तो अकोल्याला असतो, मी अमरावतीत, म्हणून काय क्वचित? मी एसटीत कंट्रोलर होतो. कोणती गाडी कोणत्या फलाटावर, हे मी ठरवायचो. ऑटोमॅटिक बंद करून टाकले.

४ जानेवारी
स्वतःचा गट काढला. नाव ‘जिवलग’. योगेश, सूनबाई आकांक्षा, डेपोतले दोस्त शालिकराम आणि कुर्बानभाई. शिस्त लागली की माणसे बोलायला लागतात.

७ जानेवारी
अजून कोणी बोलले नाही. लोकांना कामे असतात. रविवारी माझ्याकडे रोडग्यांचे जेवण, असे गटावर टाकले. चौघांचेही अंगठे आले. म्हणजे नक्की.

११ जानेवारी, रविवार
गोवऱ्यांवर रोडगे मस्त भाजले गेले. वांग्याची भाजी झणझणीत. कोणी आले नाही. एकट्याने दोन खाल्ले. तिसरा जाईना.
संध्याकाळी शालिकरामला फोन. तो म्हणे, “रोडग्याचं आवतन मोबाइलवर असते काय गा? घरी येऊन सांगा लागते.” पटले. पद्धत चुकली, माणसे चांगली आहेत.

१८ जानेवारी
आवतन द्यायला अकोल्याला जाऊन आलो. पुढच्या रविवारचे. योगेश म्हणाला, “पायतो बाबा.” म्हणजे येणारच.
तो आंघोळीला गेला तेव्हा त्याचा फोन समोर उघडाच होता. त्यात मी ‘क्वचित’मध्ये, नळवाल्याच्या खाली. ॲपला काय कळते? मी स्वतःला उचलून ‘घरचे’मध्ये बसवले. तिथे त्याचे सासरे आधीच होते.

२० जानेवारी, दुपारी
योगेशचा फोन! स्वतःहून. म्हणे, “बाबा, माह्या फोनमधी तुमी काई केलं काय? तो इचारून रायला होता, बदल ठेवू का पयल्यासारखं करू. मी म्हटलं, पयल्यासारखंच राहू दे.” आणि रविवारी जमणार नाही.
मी म्हटले, बरं.
इतके दिवस ॲपला शिव्या घातल्या. आता मी ‘क्वचित’मध्ये आहे तो योगेशच्या हाताने. फार वाईट वाटले.