ऑइलपेंटमधलं लग्न

लिंबायत, सुरत
१६ एप्रिल २०२५

चि. प्रज्ञास,

बुद्धभूषणचा जय भीम. मी बरा आहे, तू बरी असशील, माय बरी नाही हे मला माहीत आहे. पत्र लिहायचं कारण तू. फोन लावला की कट करते, आवाज रेकॉर्ड करून पाठवला तर ऐकत नाही. मग माणसाने काय करावं? आपला ज्ञानेश्वर आज पॅसेंजरने धरणगावला निघाला, त्याच्या हाती देतोय. त्याला सांगून ठेवलंय, ती वाचत नाही तोपर्यंत ओट्यावरून उठायचं नाही.

सरळ विचारतो. भिंत कधी पुसते?

लग्नघराची भिंत गावात सगळेच रंगवतात. वनाभाऊ पेंटर लग्नाच्या चार दिवस आधी येतो, चुन्याच्या रंगात दोन कमळं, नवरा-नवरीचं नाव आणि तारीख काढतो, चहा पितो, जातो. वर्षभरात ते आपोआप फिकं पडतं. पण आमच्या घरात उपयोजित कला शिकणारी पोरगी ना. तिने दोन महिने आधीच भिंत धरली आणि तीही ऑइलपेंटमध्ये. का, तर जळगावच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टच तो, गावातल्या भिंतीवरची अक्षरं. 'मंगल परिणय, बुद्धभूषण आणि वृषाली.' अक्षर एवढं मोठं की एस.टी.तला माणूस न थांबता वाचतो.

मग लग्न मोडलं. भिंत कशी मोडणार?

मायने वरून चुना मारला तर दुसऱ्या दिवशी नावं परत वर आली. आणि तू काय केलं? चुना धुऊन काढला. माय फोनवर रडत होती, "भाऊ, तिले सांग ना तू, मनं काही ऐकत नही ती. बठ्ठं गाव वाची ऱ्हायनं." समोरची झुंबरबाई रोज दारात उभी राहून म्हणते म्हणे, "लगीन मोडनं ते मोडनं, पन अक्षर झकास शेतस माय." हे ऐकून तुला हसू आलं, असं मायनेच सांगितलं. हस बाई.

तुझे ते यादव सर म्हणतात, फोटो चालणार नाही, भिंतच दाखवावी लागेल. पंचवीस तारखेला धुळ्याचे परीक्षक येणार, खुर्च्या टाकून आपल्या घरासमोर बसणार, आणि माझ्या मोडलेल्या लग्नाला मार्क देणार. ही कुठली शाळा आहे गं? मी आठवीत सुटलो ते बरंच झालं.

तू म्हणशील, दादा तुला कशाचं काही नाही, तू तिकडे मजेत. मजेत आहे. मिलमध्ये ओल्या साड्यांची गाडी ढकलतो, तीन मजले, लिफ्ट बंद. तीच गाडी ढकलताना वृषालीच्या मामाने मला गेटवरून पाहिलं, अंगात नुसती बनियन. तू बायोडाटा इतका देखणा केला होता की तिच्या चोपड्याच्या लोकांना वाटलं पोरगा साहेब आहे. तू खोटं काही लिहिलं नव्हतं. 'टेक्स्टाइल प्रिंटिंग, सुरत' एवढंच. पण कागदच असा की वाचणाऱ्याने खुर्चीवरून उठावं. मामाने घरी जाऊन सांगितलं, तिच्या वडिलांनी निरोप पाठवला, संपलं. त्याचं मी तुला काही बोललो नाही आणि आत्ताही बोलत नाही.

यंदा चौदा एप्रिलला आलो नाही. सुट्टी मिळाली नाही असं मायला सांगितलं. मिरवणूक आपल्या घरावरूनच जाते, एवढं तुला कळत असेल.

पण मिरवणूक गेली. आता गावाचं मला काही नाही. आठ दिवस आणखी हसले असते, मी काही मरत नव्हतो. तुझी परीक्षा होऊ दिली असती.

रविवारी वृषालीचा फोन आला होता. मायला सांगू नको. ती म्हणाली, "तुमच्याकडची भिंत पुसली ना?" मी म्हटलं, कधीच. ती म्हणाली, "बरं झालं. येत्या रविवारी एरंडोलचे लोक मला पाहायला येणार आहेत. त्यांचा रस्ता तुमच्या दारावरूनच आहे." मी म्हटलं, येऊ द्या, तिथे काही नाही. पण तिने फोन ठेवला नाही. म्हणाली, "पुसायच्या आधी कोणी फोटो काढला होता का?"

मी नाही म्हटलं. मोबाईल उघडला की तोच दिसतो मला.

आता ऐक. तुझं वर्ष बुडवायला मी सांगत नाही. ज्ञानेश्वरला घे, फक्त तिचं नाव खरवडून काढ, टर्पेन्टाईन लाव, वरून भिंतीचा तोच निळा रंग दे. वाचता येता कामा नये. माझं नाव राहू दे. 'मंगल परिणय'पण राहू दे. सर ओरडतील, मार्क कापतील, तेवढे जाऊ दे. झुंबरबाईला पाहिजे तेवढं हसू दे, एकट्या नवरदेवाला हसायला तिला जास्तच मजा येईल. परीक्षक उठून गेले की मग सगळंच पूस.

शनिवारच्या आत. यात माझ्याशी वाद घालू नको, आणि फोन लावला तर उचल.

रविवारी एरंडोलची गाडी जाईल तेव्हा मायला दारात उभं राहू देऊ नको, ती डोकावून बघेल. तूही आतच बस. आणि बघितलंच, तर मुलगा कसा होता ते मला कळवू नको.

तुझा दादा,
बुद्धभूषण