तोंड मिटून हूं

मंगळवार, संध्याकाळ. कुरुंदा

देवमासा पाण्यात ओरडतो कसा, हे सहावीला सांगताना आज मी ठोकून दिलं की तोंड उघडून! सारजा उभी राहिली. "न्हाई बाई, तोंड मिटूनच. आमी हिरीत बुडी मारून हूं करतो, बराबर ऐकू येतंय."

"तू काय देवमासा हायेस?" मी म्हटलं. सगळा वर्ग हसला.

घरी येऊन पुस्तक काढलं. तोंड बंदच असतं. श्वासात घेतलेली तीच हवा घशातून आतल्या आत फिरते. मग बादलीत डोकं घालून हूं केलं. या वयात! आलं की ऐकू.

काहून बोलले मी तसं? त्यानंतर शाळेत शेवटच्या तासाला गोष्ट सांगितली होती. गोष्टीला हूं द्यायला रोज सारजाच पुढे. आज तिचं तोंड मिटलेलंच होतं. हूं मात्र आलं नाही.